गार

पस्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या मी. चुकलेली नोट
यंत्रात जायची, तिचा भुसा व्हायचा,
भुशाचं वजन, वजनावर सही.
चूक ठेवायची सोय नव्हती.

आता शनिवारी शरणपूरला, चर्चमागच्या खोलीत
शुभवर्तमानाच्या नव्या भाषांतराची प्रुफं बघते,
आणि इथे चुका जपून ठेवतात.
पानाच्या तळाशी, बारीक टायपात:
काही जुन्या प्रतींत हे शब्द नाहीत.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसला होता.

चौघांतली सगळ्यात आखूड शुभवार्ता.
तिच्या शेवटी तिघी बायका.
पहाट, धोंड लोटलेली, कबर रिकामी,
पळत सुटतात, कोणाला काही सांगत नाहीत,
भ्यालेल्या.
ग्रीकमध्ये अगदी शेवटचा शब्द ‘गार’,
भिंगारदिवे पाळक म्हणाले. म्हणजे ‘कारण’.
‘कारण’वर कोणी लिहिणं सोडतं का?
मग पुढे कोणीतरी बारा वचनं जोडली,
साप, विष, स्वर्गारोहण, सगळं नीट.
पाळकांना ती हवीत.
“ईस्टरला काय, पळणाऱ्या बायका वाचून दाखवू?”

भाची सलोमे, नाव त्या तिघींतल्याच एकीचं,
भावाने ठेवलं ते ऐकायला बरं वाटलं म्हणून.
कॉलेज रोडला लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापते.
मोबाईलमधून मान न काढता म्हणाली,
“आत्या, ती बारा म्हणजे पोस्ट-क्रेडिट सीन.
नावं संपतात, झाडूवाले आत येतात,
तरी पब्लिक बसून. हिरो जिवंत दिसल्याशिवाय
पुढच्या भागाला येणार कोण?”

हसले. हसू अर्ध्यात राहिलं.
नव्वद साली इंद्रायणी जेजुरकरने
बिनआकड्याची एक नोट
डब्यात पोळीखाली सरकवली. मी पाहिलं.
मी पाहिलं हे तिने पाहिलं.
गेटवर झडती झाली, डबा कोणी उघडला नाही.
दोघी एकाच रिक्षाने घरी आलो,
वाटेत मेथीच्या भावावर बोललो.

परवा दुपारी गारपीट. कंपाउंडभर तडतड,
निफाडकडच्या बागांचं नाव कोणी काढेना.
शेजारचे कुलथे सर, फिजिक्सचे, पक्के नास्तिक,
रोज पहाटे गोदावरीत पोहतात
आणि तिला गंगाच म्हणतात.
सरांनी एक गार उचलली, गरम सुरीने दोन केली.
आत वलयं, कांद्यासारखी.
“प्रत्येक वलय म्हणजे एकदा वर फेकली गेली.
हे दुधी, हे काचेसारखं. पडेपर्यंत भर पडतच असते.”
“आणि मधे?”
“धुळीचा कण. नाहीतर परागकण, जंतू.
नुसतं पाणी सहजी गोठत नाही, बाई,
काहीतरी परकं लागतं.”
मी त्यांना ग्रीक गार सांगितली.
खूश झाले. मग म्हणाले, “आपल्या गावाचं नाव म्हणे
एका बाईच्या कापलेल्या नाकावरून पडलं.
तिने कोणाला काय सांगितलं, त्याची तळटीपसुद्धा नाही.”
तोवर त्यांच्या तळहातावर पाणी झालं होतं.
त्यांनी ते लेंग्याला पुसलं.

आज मतदान झालं. बारा वचनं राहिली, चौकोनी कंसांत.
तळटीप माझ्याकडे आली.
‘प्रतींत’वरचं टिंब गळालेलं.
नुसतं ‘प्रतीत’. सगळ्या साक्षी मिळून एकटी पडलेली एक.
पेन्सिलीने टिंब दिलं,
धुळीच्या कणाएवढं. समासात माझी खूण केली.
पाळक चहा ओतत होते. सलोमेचा फोन आला, घ्यायला येऊ का.
नको म्हटलं.

इंद्रायणी देवळालीला असते, लेकाकडे.
नंबर लावलाय. वाजतोय.
उचलला तर काय बोलू,
पाहिलं होतं,
एवढंच?